डोळखांबचा बिननावाचा कॅक्टस

हौसाबाईंनी हळदीकुंकवाची डबी उघडली आणि आतलं वाळकं फूल माझ्या तळहातावर ठेवलं. "घ्या बाई. फूल पायजे म्हनलात ना?"

आदल्या रविवारी त्या डोळखांबहून एसटीने कुंडी मांडीवर घेऊन आल्या होत्या. मी तेव्हा मुरबाडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि रविवारी शहापूरजवळच्या एका नर्सरीत बसायचे. दोन हजार सालानंतर घरोघरी कॅक्टसची हौस आली होती. दुकानदार लेबल न लावताच झाडं विकत. लोक ती आमच्याकडे आणत आणि मी नाव सांगत असे. सल्ला फुकट, त्यामुळे गर्दी बरी असायची.

झाड कॅक्टसच होतं, एवढं बघताक्षणी कळत होतं. काटे निघतात तिथे लोकरीसारखी बारीक गादी असली, की तो कॅक्टस. आपल्या बांधावरच्या थोराला ती गादी नसते, आणि तो मोडला तर चीक येतो. पण कॅक्टसमधला कुठला, हे फूल बघितल्याशिवाय सांगायला मी तयार नव्हते. काटे बघून दिलेलं नाव निम्म्या वेळा चुकतं. तेव्हा हौसाबाई म्हणाल्या होत्या, "पोरीनं आनलं तवा फूल व्हतं ह्याला. मंग गळलं. ते मी ठेवलंय." तेच हे फूल.

भिंगाखाली धरलं. पाकळ्या कागदासारख्या करकरीत. शेवंतीच्या कुळातलं फूल. कॅक्टसला असं फूल येणं म्हणजे आंब्याला वांगं लागण्यातला प्रकार. उलटं करून बघितलं, तर देठाच्या जागी गोंदाचा पिवळा थेंब आणि त्यात झाडाचे दोन काटे अडकलेले. गिऱ्हाइकाला रंग दिसावा म्हणून काही दुकानदार सुकी फुलं कॅक्टसच्या डोक्यावर चिकटवतात. मला असल्या लबाडीचा भारी संताप येतो आणि संतापले की मी बोलून मोकळी होते.

"मावशी, हे फूल या झाडाचं नाहीच. दुकानदारानं चिकटवलंय."

त्या डबीचं झाकण लावत बसल्या. ते काही नीट बसेना.

मग त्यांनी सांगितलं. मुलगी सुनंदा कल्याणला नोकरीला होती. जातीबाहेर लग्न ठरवलं ते सांगायला घरी आली, तेव्हा ही कुंडी घेऊन आली. बापानं, शिवरामभाऊंनी, पुन्हा उंबरठा चढू नको म्हणून बजावलं. त्याला सहा वर्षं झाली. हौसाबाईंनी गावदेवीला कौल लावायचा हट्ट धरला. आमच्याकडे देवीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार. शिवरामभाऊ देवळात जायला तयार होईनात. चार माणसांसमोर कुंडीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या काट्याला परत फूल आलं का बोलाव तिला. ह्योच कौल."

"एसटी थांबल्याचा आवाज आला, का अजून मी वट्यावर येऊन बघते," हौसाबाई म्हणाल्या. "बाई, आता ह्याला फूल येनारच नाय का?"

आता नाव शोधणं भाग होतं. कुंडी त्यांनी आजही बरोबर आणली होती, ती मी पुन्हा पुढे ओढली. अंगावर उभ्या धारा नव्हत्या, गाठी होत्या, आणि त्या गोल फिरत वर चढल्या होत्या. म्हणजे मॅमिलेरिया. त्यातली नेमकी जात कळली नाही, पण एवढ्यावर काम भागणार होतं. मॅमिलेरियाला स्वतःची फुलं येतात, बारीक, डोक्याभोवती कडं करून. अट एकच, थंडीत त्याला तहानलेलं ठेवायचं. हे झाड मात्र मऊ पडलं होतं, लांबट झालं होतं, आणि मातीत बोट घातलं तर चिखल.

"पाणी किती घालता?"

"पंधरा दिसांनी वाटीभर. सुनंदानं सांगितलंवतं."

"मावशी, खोटं बोलू नका. या झाडाला रोज पाणी पडतंय."

"देवीची आन, बाई."

आमच्याकडे एक नियम होता, गिऱ्हाईक पाण्याबद्दल खोटं बोलतं. मी त्यांची चांगली कानउघाडणी केली आणि कुंडी नर्सरीतच ठेवून घेतली. त्या डोळे पुसत स्टँडकडे गेल्या.

पुढच्या रविवारी एक उंच, काटक गृहस्थ आले. शिवरामभाऊ. कुंडी बघायची म्हणाले. मी दाखवली. त्यांनी मातीला बोट लावलं.

"सुकली ही."

"मुद्दाम सुकवलीय. तुमच्या मंडळींनी पाणी घालून घालून वाट लावली होती झाडाची."

"ती नाय घालीत," ते खाली बघत म्हणाले. "मी घालतो. ती नदीवर गेली का. तांब्याभर, रोज सकाळी."

"कशाला?" मी मूर्खासारखं विचारलं.

"फूल याया."

हौसाबाईंवर तोंड सोडलं होतं त्याची लाज वाटली, आणि समोरच्या माणसाचं फार वाईट वाटलं.

"मग सरळ बोलवायचं ना मुलीला, भाऊ."

"चार मान्सांत शब्द काढला, बाई. त्यो गिळता येत नाय. पन घर खायाला उठतं."

त्यांच्या पाण्यानेच फूल अडलं होतं, हे मला सांगावं लागलं. ते कुंडीशेजारी उकिडवे बसले. मग हळूच विचारलं, "ती सांगत व्हती, पयलं फूल गोंदानं लावलेलं व्हतं. खरं?"

"खरं. मी भिंगातनं बघितलंय."

"देवळात गुरवानं पाकळी गोंदानं लावली, तर त्यो कौल धरीत नाय," ते सावकाश म्हणाले. "कौलच मोडतो. पयलं फूलच खोटं, तर माजा शब्द बी मोडला. गावाला पटंल ते. तुमी लिवून द्या."

मी नर्सरीचं एक कोरं लेबल घेतलं. एका बाजूला लिहिलं, मॅमिलेरिया, जात अनिश्चित. दुसऱ्या बाजूला लिहिलं, मूळचे फूल गोंदाने चिकटवलेले होते. खाली सही केली आणि पदवीही घातली. इतकं महत्त्वाचं लेबल मी पुन्हा कधी लिहिलं नाही. शिवरामभाऊंनी ते दोनदा वाचून टोपीत ठेवलं आणि कुंडी उचलून घरी नेली.

सुनंदा त्या दिवाळीला आली. दोन दिवस राहिली. हौसाबाई हे सांगायला आल्या, तेव्हा पुढच्या खेपेला ती कधी येईल याचे दिवस मोजत होत्या. झाडाला फूल आलं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाण्याचा तो नियम मात्र मी दुरुस्त केला. आता गिऱ्हाइकाला खोटं ठरवण्याआधी विचारते, घरात पाणी घालणारे किती जण?