कड्यावरची तीन वळणे

दोन साक्षीदार असल्याखेरीज कोणताही किस्सा मान्य करायचा नाही, असा माझा नियम आहे. त्यामुळे माझ्याजवळ किस्से कमी असायला हवे होते. पण वाशीमच्या मुलींच्या शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका, माई, ताराबाई, यमुना आणि मी, महिन्यातून एका रविवारी पैनगंगेकाठच्या कड्याकडे सहलीला जात असू. आणि चौघी एकत्र असल्या की साक्षीदारांना काय तोटा! एकीने सुरुवात करावी, दुसरीने दुरुस्ती करावी, तिसरीने दुरुस्तीची दुरुस्ती करावी, असे करत हे सारे साठत गेले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हेडमिस्ट्रेस माई बारा वर्षे ज्या कड्याचा भूगोल शिकवत आल्या, त्याच्या माथ्यावर त्या स्वतः कधीच गेल्या नव्हत्या. चैत्रात त्या निवृत्त होऊन भावाकडे अमरावतीला जायच्या होत्या, आणि त्याआधी एकदा वर जाण्याची त्यांची फार इच्छा होती. यातले काहीही मला प्रारंभी ठाऊक नव्हते. असते, तर पुढचा संवाद मी केलाच नसता.

*

भूगोल जवळच्या गोष्टींपासून शिकवावा, असे माईंचे मत. म्हणून चौथीच्या पुस्तकाआधी मुलींना एक वाक्य पाठ करावे लागे : ‘कड्यावरून पैनगंगेची तीन वळणे दिसतात.’

मी नागपुरात तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. नोकरीवर आल्यावर पहिल्याच रविवारी वर गेले आणि वळणे मोजली. दोन भरली. पुन्हा मोजली, दोनच. सोमवारी माईंना तसे सांगितले.

“धुकं असेल,” माई म्हणाल्या.

“दुपारचा एक वाजला होता.”

“मग ऊन डोळ्यांवर आलं असेल.”

“सूर्य पाठीमागे होता, माई.”

माईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी नवे टाइमटेबल लागले. आठवडाभराचे सगळे शेवटचे तास माझ्या नावावर होते!

*

ताराबाई चित्रकला आणि शिवण शिकवत. त्या कड्यावर जाताना रंगपेटी, घडीचे स्टूल, छत्री आणि छत्रीवर घालायला एक खोळ घेऊन निघत. एकदा त्यांनी तीन तास खपून दरीचे फार सुरेख चित्र काढले. झाड न् झाड बरोबर. नदीला मात्र तीन वळणे!

“ताराबाई, तुम्हाला तीन दिसली?”

“छे! दोनच आहेत की समोर.”

“मग हे तिसरे?”

“अहो सुमतीबाई,” ब्रश धूत त्या शांतपणे म्हणाल्या, “हे चित्र शाळेत लावायचं आहे. सर्व्हेच्या कचेरीत नव्हे!”

चित्र माईंच्या खोलीत लागले. पुढे मी वळणांचा विषय काढला की माई नुसत्या भिंतीकडे बोट दाखवत.

*

कड्याच्या पायथ्याला चिंचेखाली आमची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, सुटे. तिथे वानरांचा फार उपद्रव. म्हणून शिदोरीजवळ एकीने थांबायचे, आणि तेही जी वयाने सर्वांत मोठी तिने, असा आमच्या मंडळाचा दंडक होता. दंडक माईंनीच घातलेला. साहजिकच दर खेपेला त्याच थांबत. केवढा हा त्याग, असे आम्हाला वाटे.

एका रविवारी उतरून पाहतो तो माई हातात रूळ घेऊन ताठ बसल्या आहेत आणि समोर सात-आठ वानरे ओळीने, निमूट! दमणी हाकणारा नामदेव दुरून बघत होता. तो मला म्हणाला, “बाई, माई नुसते डोये मोठे करून पाह्यतात न वांदरं चूप बसतात. आमच्या घरी पाठवा न एखाद्या दिवशी!”

आम्ही कौतुक करत फडके सोडले. आत दशमी एकही नाही. वानरांची दुसरी तुकडी चिंचेवरून माईंच्या पाठीमागे उतरून काम आटोपून गेली होती.

माईंनी रिकाम्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “मागच्या बाकांकडे माझं जरा दुर्लक्षच झालं.”

*

आमच्यातली चौथी यमुना. कड्याखालच्याच गावची, आमच्याच शाळेत शिकलेली, ट्रेनिंग करून आमच्याच शाळेत आलेली. तिच्या घरच्या म्हशी कड्यावर चरत; तिने ती नदी शेकडो वेळा पाहिलेली. चौथीच्या परीक्षेत तिने प्रामाणिकपणे लिहिले, ‘दोन वळणे.’ माईंनी लाल पेन्सिलीने फुली मारली. त्या एका फुलीपायी तिचा पहिला नंबर गेला.

आता तीच यमुना वर्गात मुलींकडून तीन वळणे घोकून घेई. मला हे सोसवेना. मी तिला गाठून विचारले, “तुला दोनच आहेत हे ठाऊक असून तू तीन का शिकवतेस?”

तिने आधी दार लोटले. मग वर्गातली भाषा बाजूला ठेवून म्हणाली, “बाई, तुमी बी.ए. हा. मले नोकरी करायची हाय!”

*

खरा उलगडा नामदेवाने केला. एकदा परतताना मी त्याच्याशेजारी पुढे बसले होते. माई मागे डुलक्या घेत होत्या. तो हळूच म्हणाला, “बाई, तुमी त्या वळनासाठी माईसंगं कायले भांडता? माई कुठी चढल्या वर? पहिल्याच वर्षी अर्ध्यात पाय मुरगळला त्यायचा. मंग म्हने, नामदेवा, तूच जाय न पाहून ये. म्या आलो न सांगतलं, तीन.”

“पण तीन का सांगितलेस? दोन आहेत ना?”

“दोनच हायेत. पन माई एवढ्या दुरून आल्या, पाय मुरगळून बसल्या. त्यायले दोनच सांगू? बरं वाटलं असतं काय ते? म्या एक वाढवलं!”

बारा वर्षांचा भूगोल या एका सौजन्यावर उभा होता. प्रश्न असा की आता मी काय करावे? तर्कशास्त्रात याचे उत्तर अगदी सोपे आहे. सोमवारी मी माईंकडे वळणांचा विषय काढलाच नाही.

*

फाल्गुनातल्या शेवटच्या रविवारी चिंचेखाली दमणी थांबली, तेव्हा माईंनी रूळ ताराबाईंच्या हाती दिला.

“आज पहारा तुमचा. मी वर जाणार.”

यमुनेचा चेहरा उतरला. माझाही उतरला असावा. वर गेल्यावर माई मोजणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

नामदेव तर घाबरलाच. “माई, कायले तरास घेता? गावातून बाज आनतो. बाजेवर निजा, आमी चौघं जन खांद्यावर घेऊन जातो!”

“नामदेवा,” माई म्हणाल्या, “मी अजून जिवंत आहे!”

चढण त्यांनी काठी टेकत, टप्प्याटप्प्याने केली. पहिल्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, “ही इयत्ता पहिली.” पळसाखाली दुसरी. तिसरीत दोन वेळा बसावे लागले. “तिसरी नेहमीच जड जाते,” असे त्याचे कारण मिळाले. चौथीला शेवटचा खडक होता. तिथे यमुनेने एक हात धरला, मी दुसरा, आणि माई कड्यावर उभ्या राहिल्या.

समोर सारी दरी उघडी पडली होती. गहू कापलेली पिवळी वावरे, मध्येच फुललेले पळस, आणि खाली स्वच्छ उन्हात चकाकणारी पैनगंगा. धुके नव्हते. सूर्य पाठीमागे होता.

माईंचे बोट हवेत सावकाश सरकत गेले, एकदा थांबले, पुन्हा एकदा थांबले, आणि मग खाली आले.

“यमुने,” त्यांनी नदीवरची नजर न काढता विचारले, “किती वळणं?”

“तीन, माई.”

“सुमतीबाई, तुम्ही तर मोजून बोलणाऱ्या. किती?”

मी त्यांच्या काठीकडे पाहिले. चार इयत्ता चढून त्या इथवर आल्या होत्या.

“तीन,” मी म्हणाले. “ते तिसरे जरा पलीकडे आहे. त्या झाडांच्या आड.”

माईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिले. मग काठी खडकावर एकदा आपटली.

“दोघीही नापास!”