जुना चालू असताना नवा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, कुणी शहाणपण शिकवायला गेलं की मला आधीच त्याची कीव येते. पुढच्या खोलीत त्यांचं भरतकामाचं मशीन आणि शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर. शाळेच्या गणवेशावरचे बॅज त्या करून देतात. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीनला द्यायची, की मशीन ती दोऱ्याने भरत जातं. कुठला दोरा लावायचा ते ताई डब्यातून रीळ काढून ठरवतात, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. काढलेलं रीळ मशीनवर चढवायचं ते भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी. सुटे दोरे कापून गठ्ठे बांधायचं काम माझं. बोलायचं कामही माझ्याकडेच, कारण भाऊजी तोंड उघडतात ते जेवायला.

कॉम्प्युटर कधी बदलायचा याचे ताईंचे कायदे पक्के. ऑर्डर हातात असताना अपडेट करायचं नाही. पडद्यावर ती विचारणा आली की त्या ‘नंतर’वर बोट ठेवणार, वर्षानुवर्षं. हळू चालतो, ही तक्रार त्यांना मान्यच नाही. "हळू तर मीही चालते, मला बदलताय का?" कामात खोट दिसली तरच बदलायचा, आणि तोही पार बसायच्या आत. जुना चालू असतानाच नवा शेजारी मांडायचा, एकच बॅज दोन्हींवर काढून बघायचा आणि नव्याची खात्री पटली की मगच जुन्याची वायर काढायची. शेवटचा कायदा सगळ्यात कडक. मला विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

हा शेवटचा कायदा जावयामुळे आला. ताईंचा जावई कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे, मनाने सोन्यासारखा. एकदा ताई बाहेर गेल्या असताना त्याने प्रेमापोटी सगळं अपडेट करून टाकलं. झालं, नक्षीचं सॉफ्टवेअर उघडेना. ऑर्डर अर्ध्यात, शाळेचा माणूस दारात. जावयाला रागावता येईना, म्हणून ताईंनी सगळा राग भाऊजींवर काढला. ते बिचारे मशीनला तेल घालत होते, घालतच राहिले.

त्यामुळे यंदा ताईच म्हणाल्या, "कॉम्प्युटर बदलायला झालाय," तेव्हा मी कात्री खाली ठेवली. पडदा पिवळा पडलाय म्हणे. पांढरा पांढरा दिसत नाही, निळ्याचा नि काळ्याचा भेद कळत नाही. मी जाऊन बघितलं आणि म्हटलं, हो, पिवळट दिसतोय खरा. जावयानेही मान डोलावली. या घरात ताई पिवळा म्हणाल्या की तो पिवळाच दिसतो, त्याला आम्ही तरी काय करणार?

हंगाम सुरू व्हायच्या आत जावई नवा कॉम्प्युटर घेऊन आला. कायद्याप्रमाणे तो जुन्याशेजारी मांडला आणि दोन्हींवर एकच बॅज उघडला. पांढरी ढाल, गडद निळी किनार. ताई खुर्ची ओढून बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"हाही पिवळाच आहे," त्या म्हणाल्या.

जावयाने सेटिंग बदललं, वायर बदलली, खिडकीचा पडदा ओढून बघितला. घामाघूम झाला बिचारा. मला मात्र नव्यावरची ढाल स्वच्छ पांढरी दिसत होती, आणि खरं सांगायचं तर जुन्यावरचीही. मी भिंतीकडे बोट केलं. "ताई, ही भिंत कशी दिसते?"

"पिवळट. तिलाही रंग द्यायला झालाय."

भिंत नुकतीच पांढरी करून घेतली होती. मग मशीनपाशी बसलेले भाऊजी उठले आणि म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊ." त्यांचं इतकं लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. आधीच यायला हवं होतं, असंही डॉक्टरांनी ऐकवलं. ऑपरेशनचं नाव काढलं की ताई विषय बदलायच्या. "मला दिसतंय. चालतंय तोवर हात लावायचा नाही." चार दिवस आम्ही सगळ्यांनी डोकं फोडलं, उपयोग शून्य. शेवटी एका दुपारी गठ्ठे बांधताना त्या माझ्यापाशी येऊन बसल्या.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "माझं सगळं काम डोळ्यांचं. बिघडलं तर मी काय करू? गठ्ठे बांधत बसू?"

"मग मी काय करते इतकी वर्षं?" मला रागच आला. पण त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते, आणि ताईंचे हात असे मी कधी बघितले नव्हते. माझा राग तिथेच विरला. "ताई, तुमचा कायदा काय सांगतो? खोट दिसली की बदलायचा, पार बसायच्या आत. आणि डॉक्टरही एका वेळी एकच डोळा करणार आहेत. जुना चालू आहे तोवर शेजारी नवा मांडा. एकच बॅज दोन्हींनी बघा."

"कॉम्प्युटरचं वेगळं असतं."

"काय वेगळं? उलट इथे वायरीसुद्धा नाहीत."

त्या हसल्या नाहीत. पण संध्याकाळी भाऊजींना म्हणाल्या, "तारीख घेऊन या."

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिल्यावर ताई पहिल्यांदा टेबलापाशी बसल्या. आधी जुना डोळा झाकला. "पांढरा," म्हणाल्या. मग नवा झाकून "पिवळा," पुन्हा उघडून "पांढरा." पोरीसारखा खेळ चालला होता त्यांचा. मग त्यांनी रिळांचा डबा ओढला आणि त्यांचा चेहरा उतरला. काळ्या कप्प्यात निळी रिळं, निळ्यात काळी. सगळी त्यांनीच लावलेली.

त्या तडक कपाटाकडे गेल्या. मागच्या हंगामाचे थोडे बॅज तिथे उरले होते. त्यांनी एकेक उजेडात धरला. किनार निळीच होती, सगळ्यांवर.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी तर तुम्हाला काळी रिळं काढून देत असणार."

"हो," भाऊजी म्हणाले.

"मग ही निळी कशी?"

"बदलत होतो."

"पूर्ण हंगाम?"

"हो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

भाऊजी हातातलं फडकं चोळत राहिले. "सांगितलं असतं, तर तू काम सोडून दिलं असतंस."

मला दोघांचाही संताप आला. त्या बाईला वेळेत डॉक्टरकडे नेलं असतं तर! हा माणूस आपला मुकाट्याने रिळं बदलत बसला, आणि शेजारी बसून दिवसभर बोलणाऱ्या मला पत्ता नाही. मी तोंड उघडणार होते, पण ताईंनी हात वर केला.

"या घरात मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही, असं सांगून ठेवलंय ना?"

"हो."

"मग?" एवढंच त्या बोलल्या. पदराने नवा डोळा पुसायला गेल्या, तसे भाऊजी घाईने म्हणाले, "अगं, तो चोळू नकोस." ताईंनी हात खाली घेतला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतः फोन करून घेतली. यंदाची पहिली ऑर्डर लागली तेव्हा मी दोरे कापायला बसलेच होते. ताईंनी डब्यातून रीळ काढलं, नव्या डोळ्याने नीट बघितलं, आणि भाऊजींच्या हातात ठेवायच्या आधी त्यांच्यासमोर धरलं.

"बघा हो. निळंच आहे ना?"

भाऊजींनी रीळ खिडकीपाशी नेऊन बघितलं. "निळंच आहे," ते म्हणाले, आणि मशीनवर चढवलं.