सेल्फिश कोणाला म्हणायचं

वर्ध्याच्या ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, तिथं ‘सेल्फिश’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मुलं तो घरूनच घेऊन येतात. वाक्यात उपयोग करा म्हटलं की भाऊ सेल्फिश, कारण तो मोबाइल देत नाही. शेजारीण सेल्फिश, कारण तिनं बोअरचं पाणी देणं बंद केलं. एका मुलीनं लिहिलं होतं, माझी आई सेल्फिश आहे, दिवाळीनंतर माहेरी जाऊन राहते. व्याकरण बिनचूक होतं. तरी मी लाल पेनानं शेजारी लिहिलं, ‘ती गेल्यानं तुझ्या वाट्याचं काय कमी झालं?’ हा शब्द वापरायची माझी तेवढी एकच कसोटी आहे. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घेतो तो सेल्फिश. आपल्या ताटातलं आपण जेवणाऱ्याला हा शब्द लावायचा नाही.

ही कसोटी मला पुस्तकात नाही, आंजीच्या स्वयंपाकघरात मिळाली. आंजीला आमचं गावाकडचं मोठं घर आहे. थोरले दीर आणि जाऊबाई तिथं राहून शेती पाहतात, आम्ही दोघं नोकरीमुळे वर्ध्यात. तर या थोरल्या जाऊबाई रोज अकराच्या सुमारास जेवतात. पुरुष शेतातून यायचे असोत की पाहुणे यायचे असोत, स्वयंपाक झाला की पहिलं ताट त्यांचं. मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा त्यांनी आपल्या शेजारी माझ्यासाठीही पाट मांडला. ‘‘बस. भूक नाई लागली का तुले?’’ भूक सपाटून लागली होती. पण सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणून मी नाही म्हटलं. ‘‘बरं,’’ असं म्हणून जाऊबाई जेवायला लागल्या.

पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना कारण विचारलं. ‘‘नवी होतो तवा साऱ्याइचं झाल्यावर बसो. एक दिवस भांड्यात पाहतो त नुसती बुडाची खरवड. दुसऱ्या दिवसापासून ठरोलं, आधी मी. माह्या हातचं सारं गाव खाते, अन् मलेच नाई?’’

घरात त्यांना मतलबी म्हणत. आमच्या ह्यांना इंग्रजी शब्द टाकल्याशिवाय राग नीट काढता येत नाही, म्हणून ह्यांनी त्याचं सेल्फिश केलं. मी विचारायची, ‘‘वहिनी आधी जेवल्या म्हणून तुम्हाला कधी भाकर कमी पडली? उलट भाजीत मीठ कमी असलं तर त्यांना आधी कळतं, म्हणून तुमच्या ताटात ते बरोबर येतं.’’ यावर ह्यांचं ठरलेलं उत्तर होतं, ‘‘तू कॉलेजात शिकव. मले नको शिकवू.’’ वाद मी जिंकायची आणि रविवारी ह्यांची आंघोळ होईपर्यंत उपाशी थांबायची. सवय झाली होती.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मुलीला पाहायला वडनेरची मंडळी आंजीला यायची होती. मुलगी आणि तो मुलगा नागपुरात एकाच ऑफिसात कामाला. दोघांचं आधीच जमलेलं होतं. मुलाच्या आईनं हो म्हटलं की झालं, एवढंच बाकी होतं. पण त्याची आई जुन्या वळणाची, आणि तिच्या मनाविरुद्ध तो काही करणार नाही, हे मुलीनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. मुलीचं मन तिथं बसलेलं मला दिसत होतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

मंडळी दहाला येणार होती. अकरा वाजले तरी पत्ता नाही. जाऊबाईंनी पाट मांडला तसे हे स्वयंपाकघरात आले. ‘‘वहिनी, आजच्या दिवस थांबा. पाहुणे काय म्हनतीन?’’

‘‘काय म्हनतीन? त्याइचं सारं झाकून ठेवलं हाये. पाटोडी हाये, भरीत हाये, कढी हाये. माह्या एका ताटानं सरते का ते?’’

आणि नेमकी दारात गाडी थांबली. पुरुष बैठकीत बसले. मुलाची आई रीतीप्रमाणे आत स्वयंपाकघरात आली, तर समोर जाऊबाई दुसरी भाकर मोडत होत्या. त्या उठल्या नाहीत, संकोचल्याही नाहीत. ‘‘या ताई. हात धुवा, बसा.’’

‘‘नाई नाई,’’ मुलाची आई घाईघाईनं म्हणाली. ‘‘मानसं जेवाची हायेत ना अजून.’’ पण ती बाहेर गेली नाही. ताटाकडे पाहत तिथंच उभी राहिली.

काहीतरी बोलून सावरून घ्यावं म्हणून मी शब्द शोधत होते. तेवढ्यात साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं तो ट्रे माझ्या हातात दिला, दुसरा पाट ओढला आणि जाऊबाईंच्या शेजारी बसली. ‘‘मोठी आई, मलेही वाढ. भूक लागली.’’

ट्रे घेऊन मी बैठकीत गेले. मुलगी कुठं आहे, असं मुलाच्या वडिलांनी हसत विचारलं. काय सांगणार? ‘‘येतेच आहे. जेवते आहे,’’ म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

परतताना हे गाडीत धुमसत होते. ‘‘एक सेल्फिश होती घरात. आता पोरगीही.’’ मुलगी मागं बसून शांतपणे म्हणाली, ‘‘आज नाही तर उद्या त्यांना कळणारच होतं, बाबा. आधी कळलेलं बरं.’’ मला भीती वाटत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता.

नंतर वडनेरहून काहीच निरोप नाही. मुलगी नागपूरला गेली. मी रोज फोनकडे पाहत राहिले. एका रविवारी दुपारी मी ह्यांच्या आंघोळीची वाट पाहत ओट्याशी उभी असताना मुलाच्या आईचा फोन आला.

‘‘ताई, एक विचारतो, राग नका मानू. पोरगी रोज तशीच जेवते का? आधी?’’

त्या दिवशी पित्त झालं होतं हो, एवढं म्हटलं असतं तरी निभावून गेलं असतं. पण मुलगी जन्मभर खोटं का निभावेल? मी म्हटलं, ‘‘हो. भूक लागली की जेवते. लहानपणापासून दर सुट्टीत मोठ्या आईजवळ बसून जेवलेली आहे.’’

ती म्हणाली, ‘‘मंग बरं हाये. आमच्या घरी मानसं दोनले जेवतात, मी तीनले. त्या दिवशी तुमच्या जाऊबाई बसा म्हने तवा मले बसावंच वाटे, पन लाज वाटली. ही आली का हिच्यासंग बसत जाईन मी. पोरगी पसंत हाये आमाले.’’

फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. मग आठवलं की मलाही भूक लागली आहे. मी ताट वाढून घेतलं आणि बसले. हे आंघोळ करून आले आणि थबकले. ‘‘आज आधीच?’’

‘‘भूक लागली. आणि वडनेरचा फोन होता. मुलगी पसंत आहे.’’

ह्यांना खूप आनंद झाला. कसं काय, काय म्हणाल्या, हे सगळं विचारून झालं. मग पुन्हा माझ्या ताटाकडे पाहिलं. आता तो शब्द येणार, असं मला वाटलं. ह्यांनी पोळ्यांचा डबा उघडला. ह्यांच्या पोळ्या जशाच्या तशा होत्या. ताट घेऊन हे माझ्यासमोर येऊन बसले.

‘‘मीठ कसं आहे?’’ ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘‘बरोबर आहे.’’