फायनलच्या सकाळची दाढी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांचं सलून आहे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. गिऱ्हाइकाच्या मानेवर हात ठेवला की दाजींचं तोंड सुरू होतं, ते टॉवेल झटकेपर्यंत थांबत नाही. पण आमच्या बाबांसमोर ते मुकाट बसत. कारण एकच, फुटबॉल.

नदीच्या अलीकडे दाजींचं शहर, पलीकडे आमचं. दोन्हीकडचे संघ एकमेकांना पाण्यात पाहतात. ताईनं दाजींना पसंत केलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, की मुलगा सोन्यासारखा आहे, पण शर्ट लाल घालतो. आमचा संघ निळा. तेव्हापासून ‘जावईबापू’ म्हणायचे खरे, पण रेफरीनं खेळाडूला बोलवावं तसं.

आई गेली. पाठोपाठ बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचे हात थरथरू लागले. एकदा तर घरात पडले ते शेजारीण येईपर्यंत तसेच पडून होते. माझं बिऱ्हाड लांब आणि एका खोलीचं, म्हणून ताई-दाजी त्यांना आपल्याकडे घेऊन आले. बाबा राहिले, पण पाहुण्यासारखे. ताईकडे पाणी मागायचं तरी म्हणत, ‘तुमच्याकडे पाणी मिळेल का?’ पोटच्या मुलीला ‘तुमच्याकडे’ म्हटलेलं ऐकून ताईच्या काळजाला घरं पडत.

त्यातच त्या वर्षी देशाच्या कपाच्या फायनलला नेमके हेच दोन संघ आले. बाबांनी मला फोन केला. "फायनल झाली की दुसऱ्या दिवशी मला घरी पोचव. इथं हरलो तर तोंड लपवायला जागा नाही, आणि जिंकलो तर आनंद करायला माणूस नाही."

त्या रिकाम्या घरात ते पुन्हा पडले तर उचलणार कोण? मी आले ती हा घोर घेऊनच. आदल्या संध्याकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा कुठल्याच संघाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, बाबांचा जीव कुठंतरी रमू दे, बाकी तुझं तू बघ.

बाबांची दाढी हा त्या घरातला एक अवघड विषय होता. हात थरथरत असूनही ते स्वतःच करत. हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून नाश्त्याला येत. समोर बसलेल्या दाजींना ते दिसायचं, आणि ज्याचा जन्म वस्तऱ्यावर गेला त्याला ते बघवणार कसं? पण ‘मी करून देतो’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ताईला म्हणत, "तसं म्हणणं म्हणजे तुमचे हात गेले, असं तोंडावर सांगणं." त्यांनी फक्त मोरीजवळ एक स्टूल ठेवलं, आरसा जरा खाली आणला आणि दर दोन दिवसांनी गुपचूप ब्लेड बदललं.

फायनलच्या दिवशी मात्र बाबांचा हात चालेचना. जन्मात कधी दाढी न करता त्यांनी फायनल पाहिली नव्हती. अर्ध्या गालाला साबण, अर्ध्याला रक्त, असे ते स्टुलावर बसून राहिले. ताई कापूस घेऊन धावली, तर तिला हातानंच दूर केलं.

दाजी दुकानातून वर आले. एकवार बघितलं आणि म्हणाले, "बाबा, खाली चला. समोरच्या संघाचा माणूस माझ्या घरातून असा मॅचला बसला, तर उद्या माझ्याकडे गिऱ्हाईक येणार नाही."

बाबा भिंतीचा आधार घेऊन उठले.

खाली सगळं दुकान लाल पताकांनी भरलेलं. बाकावर मंडळी सकाळपासूनच ठाण मांडून. दाजींनी बाबांना खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती गुंडाळायचं कापडही त्या दिवशी लाल होतं. ते त्यांनी बाजूला टाकलं आणि ताईकडून घरातली पांढरी चादर मागवली. त्यातला शेजारचा बेकरीवाला म्हणाला, "दादा, वस्तरा हातात आहे, निकाल आत्ताच लावून टाका." दुसरा दाजींकडे बोट दाखवून म्हणाला, घरभेद्या तो हाच. दाजी हसले नाहीत, बोललेही नाहीत. गरम टॉवेल ठेवला, साबण फेसला आणि जखमेच्या कडेकडेनं इतक्या हलक्या हातानं वस्तरा फिरवला, की बाबांचे डोळे मिटले. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्याला कुणी हात लावला नसेल, असं मला तेव्हा वाटून गेलं.

दुपारी दुकानातल्या टीव्हीवर मॅच सुरू झाली. बाबा वर गेलेच नाहीत. एवढ्या लालांत एकटे निळे. शेवटच्या मिनिटांत लाल संघाला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. दुकान डोक्यावर घेतलं लोकांनी. मग एकेकाची नजर खुर्चीकडे गेली, तसे सगळे गप्प होत गेले. बाबा शांतपणे म्हणाले, "पेनल्टी नव्हतीच ती." बेकरीवाल्याला राहवलं नाही. तिथून जी जुंपली ती दिवे लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बसची वेळ झाली तरी बाबा वर दिसेनात. मी खाली आले. बाबा बाकावर, शेजारी बेकरीवाला. दोघांच्या मधे पेपर उघडलेला, त्यात त्या पेनल्टीचा फोटो. मी म्हटलं, "बाबा, बस."

"थांब गं. तिकडे जाऊन बोलू कुणाशी? तिथं सगळे म्हणणार, नव्हती." मग दाजींकडे वळले. "तुम्ही सांगा, जावईबापू. होती का पेनल्टी?"

दाजींच्या वस्तऱ्याखाली गिऱ्हाइकाची मान होती. खोटं बोलून म्हाताऱ्याला खूश करायची ती वेळ होती. मी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा.

"होती, बाबा," दाजी म्हणाले.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? बाहेरच्याचं सोड, घरचाच माणूस असं म्हणतो. आता हे मिटवल्याशिवाय मी निघू कसा? तू जा बाई, तुझी बस चुकेल."