दाजींच्या दोन टोपल्या

"झाकणाला हात लावायचा न्हाय!"

हे वाक्य एवढ्या मोठ्यानं यायचं, की झाकणापासून लांब बसलेला माणूससुद्धा आपला हात पटकन मागं घ्यायचा. डावा हात कमरेवर, उजव्या हातात उलथनं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आमच्या दाजींना तुम्ही पाहिलं नसेल. पण तुमच्याही गावात, तुमच्याही पंगतीच्या मागं असा एकजण चुलीपाशी उभा असतोच. जरा आठवून बघा, आठवेल.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे नवरे नव्हेत. ते अख्ख्या गल्लीचे दाजी. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, आमच्याच गल्लीत जन्मली, वाढली. लग्न होऊन कोडोलीला गेली आणि दाजींना कोल्हापुरात नोकरी लागल्यावर त्यांना घेऊन परत गल्लीत राहायला आली. आता जावई शेजारीच राहायला आल्यावर गल्लीनं तरी मान किती दिवस द्यायचा? थोडे दिवस दिला. मग कुणाच्या घरात फ्यूज उडाला तरी लोक दाजींना हाका मारायला लागले.

जावयानं पाटावर बसायचं आणि सासुरवाडीनं वाढायचं, ही रीत. आमच्याकडं सगळाच उलटा कारभार. गल्लीत आमचं एक रस्सा मंडळ आहे. मंडळ म्हणजे काय, महिन्यातनं एखाद्या रविवारी गडमुडशिंगीजवळच्या एका मित्राच्या शेतात जायचं, मटण शिजवायचं, पोटभर खायचं, आंब्याखाली आडवं व्हायचं. या मंडळाचे कायमचे आचारी दाजी. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, आणि त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. दाजी नुसता वास घ्यायचे. डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून. मग म्हणायचे, "झालं." ते 'झालं' म्हणाल्याशिवाय पत्रावळी मांडायची आमची छाती नव्हती.

सगळ्यांना वाढून झाल्यावर ते स्वतः बसायचे. मी एकदा म्हटलं, "दाजी, तुम्ही जावई, आधी बसा की."

"आचारी शेवटी बसतोय मर्दा. आचारी आधी बसला की मागच्यांना नुसतं पाणी मिळतंय."

मंडळात बापू नावाचा एक दूध डेअरीवाला आहे. धिप्पाड गडी, तालमीत वाढलेला, आणि चेष्टेला पुढं. दाजींचं आणि त्याचं रोज भांडण, आणि एकमेकांशिवाय करमत नाही, असा प्रकार. तो म्हणायचा, "अक्का, ह्यो माणूस तू नवरा म्हणून आणलास, पर आमी आचारी म्हणून ठेवलाय."

असं सगळं बेस चाललं होतं. मग एक दिवस दाजींच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, दाजी घरी आले. डॉक्टरांनी तेल बंद केलं, तर्री तर नावालासुद्धा काढायची नाही म्हणाले. बिनतेलाचं, भाजलेलं, कधीतरी, थोडं चालेल, एवढीच सूट. पण डॉक्टर परवडले हो! अक्का डॉक्टरांच्या वरताण. तिनं दाजींचं मंडळात जाणंच बंद करून टाकलं.

"जातो की नुसता. मी खात न्हाय, नुसतं शिजवतो," दाजी म्हणाले.

"तुमी? तर्रीजवळ? आन् नुसतं बघणार?" अक्कानं एवढंच विचारलं. दाजी खाली बघायला लागले.

पुढचे रविवार वाईट गेले. आम्ही गाडीत पातेलं चढवायचो आणि दाजी समोरच्या कट्ट्यावर दहीभाताची वाटी घेऊन बसलेले. बघायचे नाहीत आमच्याकडं. आम्हीपण बघायचो नाही. शेतावर बापू शिजवायचा, पण कशाचा काय! रस्सा लाल व्हायचा, चव कुठं सापडायची नाही. परत आल्यावर दाजी बारीक आवाजात मला विचारायचे, "मीठ कमी पडलं न्हाई काय?" मी हो म्हटलं की चेहरा जरा फुलायचा.

त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो. सुट्टीला आला तेव्हा एक भलं मोठं खोकं घेऊन आला. त्यातनं निघाली काळी, गोल, तीन पायांवर उभी राहणारी शेगडी. खाली भांडं गोल, वर झाकण गोल, दोन्हीला वारा जायला भोकं, मध्ये जाळी. आत कोळसा, वर मटण, तेलाचा थेंब लागत नाही. गल्ली जमली बघायला. कुणी म्हणालं बंब, कुणी म्हणालं डिश अँटेना. बापूनं झाकण वाजवून बघितलं आणि म्हणाला, "भजनाला चालंल."

अक्कानं मात्र एक अट घातली, आणि ती अट ऐकून मी तिला मनातनं हात जोडले. ती म्हणाली, "बिनतेलाचं जमवा. आन् सगळ्या मंडळानं त्येच खायला पायजे, आवडीनं. तुमचं एकट्याचं ताट येगळं न्हाय. ताट येगळं असलं की तुमचा हात दुसऱ्याच्या ताटात जातोय. मंडळाला आवडलं तर जावा दर खेपेला. न्हाय आवडलं, तर दहीभात."

म्हणजे आता सगळं त्या काळ्या भांड्यावर आलं. रस्सा हा ज्यांचा धर्म, त्या माणसांनी रश्श्याशिवायचं मटण आवडीनं खायचं. विचार करा!

पहिला प्रयोग गच्चीवर. दाजींनी कोळसा पेटवला, कोंबडी जाळीवर ठेवली, झाकण लावलं. आणि सवयीनं झाकणावर पाण्यानं भरलेलं ताट ठेवून दिलं. वरची भोकं बंद! आम्ही कोल्हापूरची माणसं, झाकण दिसलं की त्यावर पाणी ठेवणारच. आम्हाला कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. बराच वेळ वाट बघून दाजींनी वास घेतला. वास येईना. झाकण काढलं तर कोळसा गार आणि कोंबडी जशी ठेवली तशी, नुसती धुरकटलेली. दाजी म्हणाले, "त्या कोळसेवाल्या भाड्यानं ओला माल दिलाय."

पोरानं फोनवर चूक सांगितल्यावर दुसऱ्या प्रयोगाला ताट ठेवलं नाही, पण कोळसा सगळीकडं सारखा पसरला. मटणाची चरबी खाली ठिबकायला लागली आणि असा भडका उडाला, की शेजारच्या बाईंनी वाळत घातलेली धुणी पळत काढली. बापू टाळ्या पिटत ओरडला, "जाळ आन् धूर संगटच!" मटण बाहेरनं कोळसा, आतनं कच्चं.

सगळे हसत खाली गेले. मी मागं राहिलो. दाजी पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते.

"सोडून दे," मला म्हणाले. "दहीभातच बरा."

"असं काय दाजी, जमेल की."

"मला मटणाचं काय पडलं न्हाय रं. खाल्लंय आयुष्यभर. मला माणसं पायजेत. कट्ट्यावर बसून गाडी जाताना बघवत न्हाय."

दाजी असं कधी बोलत नसत. मी आपला झाकण पुसत बसलो.

मग पोरानंच फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात या शेगडीत कोळसा मोकळा टाकत नव्हते. तो जाळीच्या टोपलीत भरून एका कडेला उभा करत होते. टोपलीची एक बाजू सरळ, दुसरी गोल, अर्ध्या भाकरीसारखी. एका कडेला टोपली, दुसरी कडा मोकळी. मटण मोकळ्या कडेवर ठेवायचं, म्हणजे खाली जाळ नाही, भडका नाही, झाकणाखाली निवांत शिजतं. शेवटी पेटत्या कोळशाची तशीच दुसरी टोपली पहिलीला जोडायची, अख्खी भाकरी करायची, आणि त्या फुललेल्या कोळशावर मटणाला एक कडक चटका द्यायचा.

माझं शिरोली एमआयडीसीत पत्राकामाचं छोटं युनिट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी तिथं हजर. खिशातनं पेपरची घडी काढली. उघडली तर टोपलीचं माप, कात्रीनं कापलेलं, कडेला चुण्यासुद्धा मारलेल्या.

"हे कुणी कापलं?"

"तुझ्या अक्कानं. शेगडीत पेपर लावून माप घेतलं. ब्लाऊज शिवती न्हवं पैल्यापासनं."

मी बघतच राहिलो. अट घालणारीही हीच आणि माप काढून देणारीही हीच! अक्काला दाजींना मंडळात पाठवायचं होतं, तुम्हाला कळलं ना? पण धडधाकट परतही आणायचं होतं.

जाळीच्या पत्र्याचे तुकडे माझ्याकडं पडूनच होते. दोन टोपल्या केल्या. पहिल्यांदा कड्या लावायच्याच विसरलो. गरम टोपली सरकवताना दाजींनी जो नाच केला, तो अक्कानं पाहिला नाही हे नशीब. मग सळईच्या कड्या लावून दिल्या. दाजींनी टोपल्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. थोरली हळू शिजवायला, धाकटी चटका द्यायला. मोकळ्या कडेला, मटणाच्या खाली, त्यांनी पाण्याचं ताट ठेवलं, म्हणजे मटण कोरडं पडत नाही.

"बघ," मला म्हणाले, "मी पैल्या दिवशी पाणी ठेवलं म्हणून मागनं हसलासा सगळे. पाणी लागतंयच. जरा जागा चुकली हुती."

धुरासाठी त्यांनी पोराच्या व्हिडिओतलं लाकूड झिडकारलं आणि उसाच्या वाळक्या कांड्या कोळशावर टाकल्या. गुऱ्हाळाच्या बाजूनं गेल्यावर येतो तसा वास गच्चीभर सुटला. खाली उभा असलेला बापू मान वर करून म्हणाला, "काय चाललंय रं वर?" आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चेष्टा न करता वर आला.

ठरलेल्या रविवारी शेगडी शेतावर गेली. अक्काही बरोबर आली. मंडळात बाईमाणूस पहिल्यांदाच आलेलं, त्यामुळं सगळे सरळ बसलेले. बापूनं मला बाजूला घेतलं आणि गाडीची डिकी थोडीशी उघडून दाखवली. आत रश्श्याचा डबा.

"आसू दे," तो कुजबुजला. "मंडळ उपाशी राहायला नको."

दाजींनी थोरली भरली. मटणाची अख्खी तंगडी, आलं-लसूण, दही आणि चटणी लावून मुरवलेली, मोकळ्या कडेला ठेवली. झाकण बसलं. आणि मग वाट बघणं सुरू झालं. रस्सा निदान रटरटतो तरी, हे काळं भांडं गप्प बसलेलं. बापू उठला, सहज गेल्यासारखा तिकडं गेला, हात पुढं केला.

"झाकणाला हात लावायचा न्हाय!"

आंब्यावरची पाखरं उडाली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला होता.

शेवटी दाजी भोकापाशी वाकले. डोळे मिटले. मान तिरकी. "झालं," म्हणाले. धाकटी जोडली, चटका दिला, चर्र आवाज झाला, आणि कापलेलं मटण पत्रावळीवर आलं. पहिला घास बापूचा. तो चावतोय, चावतोय, चावतोयच. दाजी उलथनं घट्ट धरून उभे. अक्का साडीचा पदर बोटाला गुंडाळतेय.

"रस्सा न्हाय, ही उणीवच हाय," बापू म्हणाला. मग पत्रावळ पुढं केली. "पर आनखी वाढा. लवकर."

डिकीतला डबा तसाच घरी गेला. बापूच्या बायकोनं त्याबद्दल त्याला काय काय ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. अक्का हात धुऊन आली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या खेपेलाबी जावा." दाजी पुन्हा वाढायला वळले. सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी, एकटेच बसून दोन तुकडे खाल्ले. हळूहळू, एकेक घास.

त्यानंतर दाजी सुटलेच. वांगी, कणसं, रताळी, सगळं त्या मोकळ्या कडेवरनं जायचं. पाव्हणा कुठलाही असो, शेगडीजवळ गेला की "पावणं, झाकण!" ठरलेलं. माझ्या युनिटात अजून टोपल्या करून घ्यायला माणसं येतात. मी अक्काच्याच मापानं करतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दाजी दुपारचे जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. छातीत दुखलं नाही, काही नाही. ओरडण्याची एवढी हौस असलेला माणूस, आणि गेला तो असा मुकाट्यानं. मला अजून राग येतो त्यांचा.

वर्षश्राद्ध झाल्यावर अक्काचा फोन आला. "शेगडी शेतावर न्या. मी मटण मुरवून आणती."

गेलो सगळे. मी थोरली भरली, कांड्या टाकल्या, झाकण लावलं. बसलो. वास सुटला. बापू शेगडीभोवती दोन चकरा मारून परत येऊन बसला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. एवढी मोठमोठी माणसं, पण झाकणाला हात लावायला एकही पुढं होईना. 'झालं' कोण म्हणणार?

शेवटी अक्का उठली. "उघडा की," म्हणाली. "वरडणारं माणूस कुठं हाय आता?"

तिनंच झाकण काढलं. मटण एका कडेनं जरा जास्तच झालं होतं. बापू खाताना डोळे पुसत होता आणि धूर लागला म्हणत होता. धूर दुसऱ्या बाजूला चालला होता.

सगळ्यांचं जेवण झाल्यावर अक्कानं एक ताट वाढलं. दोन तुकडे, भाकरी, कांदा. ताट घेऊन ती शेगडीपाशी गेली. थोरलीत अजून थोडी धग होती. तिनं ते ताट मोकळ्या कडेवर ठेवलं.

"आचारी शेवटी बसतोय," ती म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

ऊन कलल्यावर शेगडी टेम्पोत चढवायची होती. आधी ती रिकामी करायला पाहिजे होती. बापू पुढं झाला, त्यानं हात झाकणापर्यंत नेला आणि पटकन मागं घेतला.

आम्ही ती तशीच, झाकण लावलेली, उचलून घरी आणली.