उंदरांच्या डब्यांना दहा दिवसांची सुट्टी

यंदा गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मी नांदेडहून उदगीरला गेले, ती चक्क भांडायला. लगेच दुसऱ्या दिवशी घरी महालक्ष्म्या यायच्या होत्या, फराळाचं निम्मं काम बाकी होतं... पण डोकं फिरलं होतं.

आधी थोडं मागचं सांगते. उदगीरला आमचं हरभऱ्याच्या बियाण्याचं गोडाऊन आहे. बाबा गेल्यापासून ते मीच चालवते, नांदेडचा संसार सांभाळून. तिथलं रोजचं बघतात रशीदचाचा. बाबांच्या काळापासून किल्ली त्यांच्याकडेच असते.

मागच्या वर्षी उंदरांनी पार जेरीस आणलं होतं. मेला उंदीर दाण्याची कोंबाची बाजूच आधी कुरतडतो, मग ते बी पेरून उपयोग काय? एक शेतकरी आला, न उगवलेले मूठभर दाणे माझ्या टेबलावर ठेवले आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून या वर्षी दहा इलेक्ट्रॉनिक डबे बसवले. उंदीर आत शिरला की शॉक बसतो, जागीच खलास, आणि माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. कोणता डबा, किती वाजता... सगळं नांदेडला बसून कळतं. ॲपवर प्रत्येक डब्याचा एक हिरवा ठिपका असतो, डबा बंद पडला की तो लाल होतो. मला त्याचं इतकं कौतुक, की पाहुण्यांना चहाच्या आधी ॲप दाखवायचे.

चाचांना मात्र काडीचं कौतुक नव्हतं. "मशीनच बघून राहिली तर म्या काय बघू?" एवढंच म्हणाले होते. ते माझ्या डोक्यात राहून गेलं.

तर गणपती बसले त्या दिवशी, इकडे आरती चालू आणि तिकडे एकेक ठिपका लाल... दहाच्या दहा. कंपनीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, सगळ्या बॅटऱ्या एकदम जात नाहीत, कुणीतरी हाताने बटण बंद केलंय.

कुणीतरी म्हणजे कोण, किल्ली तर एकाकडेच. चाचांना एक फोन केला असता तर सगळं भागलं असतं. पण संशयाचा किडा एकदा वळवळायला लागला की... मला वाटलं, मशीन कुचकामी ठरवायची आणि आपल्यावाचून अडतं हे दाखवायचं, एवढाच यांचा डाव. दोन दिवस तशीच धुमसत राहिले आणि तिसऱ्या दिवशी रंगेहाथ पकडायचं म्हणून न कळवता एसटीत बसले. जळकोट येईपर्यंत वाक्यसुद्धा तयार झालं होतं: चाचा, आता वय झालं, तुम्ही घरी आराम करा.

गोडाऊनचं शटर अर्धं वर होतं. चाचा एका बुटक्या स्टुलावर बसून भिंतीच्या बिळात काचांचे तुकडे आणि सिमेंट भरत होते. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून स्टूल सरकवत सरकवत काम चाललेलं. दहाही डबे कोपऱ्यात एका ओळीत, स्वच्छ पुसून ठेवलेले होते.

मी आवाज चढवूनच विचारलं, डबे का बंद केले. त्यांनी सिमेंटचे हात झटकले.

"बाई, गणपती बसल्यात न्हवं? उंदीर त्येंचं वाहन हाय. ह्या धा दिवसांत करंट देऊन मारायचं का त्याला?"

मग त्यांनीच सांगितलं. बाबा गणपतीत कधी पिंजरे लावायचे नाहीत, सगळे खिळ्याला टांगून ठेवायचे. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी परत लावायचे. त्या वर्षांत मी लातूरला होस्टेलवर, घरी यायचे ती आरती आणि मोदकांपुरती. गोडाऊनमध्ये काय पाळतात, मला काय ठाऊक.

मला सांगायचं तरी, असं मी म्हटलं. माझा आवाज आता बराच खाली आला होता.

"तुमच्याच घरची रीत हाय. तुम्हाला काय सांगायची?"

पण माझा जीव पोत्यांत अडकलेला. तीन दिवस डबे बंद, दसऱ्यानंतर शेतकऱ्यांना बी द्यायचंय... चाचांनी हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, बघा. हमालांना घेऊन त्यांनी पोत्यांची प्रत्येक थप्पी भिंतीपासून माणूस फिरेल इतकी लांब ओढली होती. सकाळ-संध्याकाळ झाडलोट चालू होती. मी एकूण एक थप्पी तपासली, वाकून, हात फिरवून. एका पोत्याला भोक नव्हतं.

वर आणखी एक इलाज. भिंतीपलीकडे ते रोज मूठभर फुटाणे टाकत होते. "पोट भरल्यावर आत कशाला येतील?" म्हणे. याबद्दल कंपनीवाल्याचं मत विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

लाज वाटली. फार लाज वाटली. देव माझा, रीत माझ्या बापाची, आणि ती पाळायला गुडघे चाचांचे. एसटीत तयार केलेलं ते वाक्य मी मुकाट्याने गिळलं. मी कशासाठी आले होते हे त्यांना अजून माहीत नाही. त्यांची नात ही पोस्ट त्यांना वाचून दाखवेल, म्हणून इथेच सगळ्यांसमोर माफी मागते.

निघताना त्यांनी विचारलं, "चालू करू का मग डबे? तुम्ही म्हणाल तसं."

नको म्हटलं. पुढचे सात दिवस ॲपवर दहाही ठिपके लाल होते. मी महालक्ष्म्यांना जेवू घातलं, त्यांना निरोप दिला, गणपती विसर्जन केलं, आणि उदगीरला एकदाही फोन लावला नाही. बाबा गेल्यापासून इतकी निर्धास्त झोप मला पहिल्यांदाच लागली... शुक्रिया, चाचा.