कोरडा ब्रश

मी काही लेखक नाही; आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. तरी बुटांच्या एका जोडीवर लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

आज सकाळी माझा रूममेट अनिकेत होस्टेलच्या खिडकीत बसून त्याचे स्वेडचे, म्हणजे मखमली चामड्याचे, बूट कोरड्या ब्रशने घासत होता. एकाच दिशेने, वासराच्या अंगावरून हात फिरवावा तसा. मला बघवेना. परवा मुलाखतीसाठी ते त्याने मला दिले होते. आमच्याकडे मागून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय परत करत नाहीत. म्हणून त्याच दिवशी मी ते बादलीत बुडवून कपड्यांच्या साबणाने खसखसून धुतले. वाळल्यावर त्यांची लव गेली आणि बूट पापडासारखे कडक झाले.

"लेका, आंघोळ घातलीस बुटांना?" काल संध्याकाळी बूट परत घेताना अनिकेत हसला, पण लगेच पाठ फिरवून त्याने ते कपाटात ठेवून दिले.

पाण्याने बिघडणारं चामडं असतं, हेच मला माहीत नव्हतं. आमच्या घरी मायासुद्धा बादलीने ओततात. काही गोष्टींना कोरडा, हलका हातच लागत असावा, माणसांनाही. तसा हात मला कधी जमेल? पुढच्या वर्षीच्या खोल्या याच आठवड्यात ठरणार होत्या. अनिकेत दुसरा सोबती मागेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दुपारी मेसमध्ये रेक्टर सर भेटले. म्हणाले, "अरे, अनिकेत काल रात्रीच सांगून गेला. पुढच्या वर्षीही त्याला रूममेट तूच हवायस."